ताठ बसणारी बाई

"सरका तिकडं," असं म्हणून तिनं मला कोपरानं ढकललं आन् बल्बाच्या उजेडातली जागा स्वतः घेतली. दिवेलागण झाली होती. आम्ही दोघं ओट्यावर मिरचीचे देठ खुडत बसलो होतो.

मी म्हणालो, "एवढा मोठा ओटा हाय, माझ्याच जागेवर कावून डोळा?"

"तुमचे देठ अर्धे राहत्यात. तुमाला उजेड देऊन काय उपेग?"

एवढंच बोलणं झालं. मिरची संपली, तिनं हात धुतले, मला ठसका लागला तर पाणी द्यायच्या आधी हसून घेतलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं. असल्या संध्याकाळी आमच्या घरात पोत्यानं पडल्या होत्या.

मी बायकोचं नाव घेत नाही. लग्नात लोकांनी अडवून घ्यायला लावलं तेवढंच. आता ती गेल्यावर तरी घ्या, असं पोरगा म्हणतो, पण जिभेला वळण नाही. पाटोद्याच्या बाजारात तिला सगळे काकू म्हणत. तुम्हीही काकूच म्हणा.

पाटोद्याच्या आठवडी बाजाराला तुम्ही कधी आला असाल, तर तुम्ही तिला पाहिलं असणार. लिंबाच्या झाडाखाली, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मधोमध रुपयाएवढं कुंकू, मांडी घालून ताठ बसलेली बाई. पुढ्यात मिरची, हळद, धने आन् येसराचं उघडं पोतं. येसर म्हणजे भाजलेलं धान्य आन् मसाला एकत्र कुटलेलं. आमटीला लावलं की घर वासानं भरतं. ती ते घरी उखळात कुटायची. बाजारात कांडप गिरणी आली, तरी तिचं मुसळ थांबलं नाही. "गिरणीत मसाला जळतो," म्हणायची. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती त्याच्याकडं न बघता मागच्याला म्हणायची, "सरका पुढं, तुमाला काय पायजे?" पाडणारा गपगुमान पैसे काढायचा.

सरका हा शब्द तिचा होता. बसमध्ये सरका, लग्नाच्या पंगतीत सरका, दारात आडव्या बसलेल्या म्हशीला सरका. आम्ही वाणी, लिंगायत, पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाइकाला गोड बोलून खाल्लेलं. तिला गोड बोलता येत नव्हतं, तरी दुकान तिच्यामुळंच चालायचं. हे मी तिला कधी म्हणालो नाही. तिला ठाऊक होतं, मग म्हणायचं कशाला?

एका उन्हाळ्यात कुटता कुटता मुसळ खाली आलं आन् ती खालीच राहिली. उठता येईना. चार दिवसांत बरं होईल, असं वाटलं. वर्षं गेली. माळावरच्या वैदूनं मोहरीच्या तेलात काय काय उकळून चोळलं. एकानं कंबरेला पट्टा बांधला. एकानं गोळ्या दिल्या, त्यांनी पोट बिघडलं आन् कंबर तशीच राहिली. बीडला फोटो काढला, तर डॉक्टर म्हणाले, मणक्यात मोठं काही नाही. यानं ती लई चिडली. "मोठं न्हाई म्हणं! माझ्या कंबरंत येऊन बसा म्हणावं एक दिस."

दुखण्याला ती सवत म्हणायची. सकाळी मी विचारायचो, "कसं काय?" ती म्हणायची, "सवत माझ्या आधी उठली." रात्री अंथरुणावर म्हणायची, "जरा जपून, मधी सवत निजलीया." मी हसायचो. हसलो नाही तर ती बोलायची नाही, म्हणून हसायचो.

तिला उभं राहता यायचं, आडवं पडता यायचं. बसायचं म्हटलं की तोंड पांढरं. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करतात, मांडी घालून. ती भिंतीला टेकून उभ्यानं करायला लागली. बाजारातही लिंबाच्या खोडाला टेकून उभी राहायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकान आवरायला लागली. मग तिनं येणंच सोडलं. मी एकटा जायचो, तर बाया विचारायच्या, "काकू न्हाईत का?" आन् पुढं जायच्या.

त्याच दिवसांत बाजारात पाकिटं आली होती. मसाल्याची चकचकीत पाकिटं, टीव्हीवर दिसणारी, माळेसारखी टांगलेली. ती विकणारा एक उंचापुरा माणूस होता, सगळे त्याला पाकीटवालाच म्हणत. बाजाराचा कायदा साधा असतो. जागा कुणाच्या नावावर नसते, जो तिथं बसतो त्याची. पाकीटवाला आधी आमच्या शेजारी बसला, मग हातभर आत आला, मग लिंबाच्या सावलीत आला. मी भांडलो, तर तो म्हणाला, "काका, काकू आल्या की उठतो की. येऊ तर द्या." बोलला ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

पुण्याहून पोरगा आला. म्हणाला, "दुकान बंद करा. फ्लॅटमध्ये आई आरामात पडून राहील, टीव्ही बघील."

ती म्हणाली, "पडून टीव्ही बघायला मी काय उशी हाय?"

पण तिच्या मनात सलणारी खरी गोष्ट निराळी होती. ती मला उशिरा कळली.

आमच्या गल्लीतली एक म्हातारी वारली. आमच्यात जाळत नाहीत आन् आडवं नेतही नाहीत. मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, फुलांच्या मखरात बसवून वाजत गाजत नेतात आन् बसल्या बसल्याच माती देतात, हातात लिंग ठेवून. ती म्हातारी देव्हाऱ्यातल्या देवासारखी बसून गेली. आमची ही दारात उभी राहून बघत होती. मखर वळणाआड गेलं, तेव्हा म्हणाली, "मला कसं नेणार?"

"जशी रीत हाय तशी."

"मला बसता कुठं येतंय?"

मी आपला तोंडाळ माणूस. म्हणालो, "मेल्यावर कंबर दुखत न्हाई. बसशील."

ती हसली नाही. म्हणाली, "दोरीनं आवळून बसवाल. जबरदस्तीनं. तसलं बसणं मला नगं. जित्तेपणी बसाया आलं, तर मंग मेल्यावर कुणी बी बसवून न्हेऊ द्या." आन् पुढं म्हणाली, "आडवी न्हेऊ नका मला. काय वाट्टेल ते करा, पर बसाया लागली पायजे."

त्या दिवशी मला समजलं की आपल्याला एकच काम आहे. दुकान गेलं तर गेलं, बाईला बसवायचं.

बीडच्या ज्या डॉक्टरांनी फोटो काढला होता, त्यांच्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. बाहेर कुठं शिकून आलेल्या. जुन्या कंबरदुखीवर त्यांचा प्रयोग चालला होता. छोटीशी पेटी, आत बॅटरी, दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन स्पंज. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवायचे, एक डोक्यावर, एक कपाळावर लावायचा, आन् अगदी बारीक करंट सोडायचा. कापणं नाही, टोचणं नाही.

मी म्हणालो, "बाई, दुखतंय कंबरंत. डोकं चांगलं हाय हिचं. उलट जरा जास्तच हाय."

त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, दुखणं कंबरेत सुरू होतं, पण त्याची बोंब डोक्यात ऐकू येते. कधीकधी कंबर बरी होते, तरी डोक्याला बोंब ऐकायची सवय लागून राहते. ती सवय मोडते का, ते बघतोय."

आमची ही लगेच म्हणाली, "कळलं. माझी सासू अशीच व्हती. भांडण मिटलं तरी आठवण काढायची."

मग बाईंनी सरळ सांगितलं की पेट्या दोन तऱ्हेच्या आहेत. दोन्हींनी सुरुवातीला मुंग्या येतात. पण एकीत करंट चालू राहतो, दुसरीत गुपचूप बंद होतो. कुणाच्या वाट्याला कुठली, हे त्यांनाही माहीत नसतं. सगळं झाल्यावर उघड करायचं. "फरक पडेलच असं मी म्हणत नाही. चालेल का?"

मला ते जुगारासारखं वाटलं. ती म्हणाली, "चालंल. बिनकरंटची आली तर मिठाच्या पाण्यावर भागवू."

पहिल्याच दिवशी घोटाळा. मोठ्या गावाला, त्यात दवाखान्यात जायचं म्हणून तिनं सकाळी डोक्यावर वाटीभर खोबरेल थापलं होतं आन् चापूनचोपून अंबाडा घातला होता. आमच्याकडं सून कोरड्या केसांनी घराबाहेर पडली तर सासरचे उपाशी ठेवतात असं लोक म्हणतात. बाईंनी स्पंज ठेवला की तो घसरायचा आन् पेटी टीं टीं ओरडायची. तेलातून करंट जात नाही म्हणे. शेवटी दवाखान्याच्या मागच्या नळावर तिला उभी केली. मी लोट्यानं पाणी ओतलं, तिनं शॅम्पूनं डोकं चोळलं. तिथं धुणं वाळत घालणाऱ्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. लग्नात हळदीच्या दिवशी सोडलं, तर मी तिच्या डोक्यावर कधी पाणी घातलं नव्हतं. ती डोळे मिटून म्हणाली, "कानात घालू नका. ऐकू यायचं बंद झालं तर तुमाला उत्तर कोण देणार?"

आत आलो, तर दुसरा घोटाळा. बाई म्हणाल्या, "कपाळ स्वच्छ पुसा."

ही ताडकन म्हणाली, "पुसायचं? हे जित्ते बसल्यात समोर!"

बाईंना कळेना. मी खाली बघत बसलो. मग तिनंच स्पंज हातात घेतला, कुंकवापासून बाजूला, भुवईच्या वर लावून बघितला. "इथं चालतंय का? मंग स्पंजाला म्हणावं सरक." बाईंनी मापून बघितलं, जागा तीच हवी होती. कुंकू राहिलं. एका बाजूचं भस्म तेवढं पुसलं. रोज पेटी झाली की ती पिशवीतून डबी काढायची आन् अर्धं कपाळ पुरं करायची.

स्पंज पिळल्यावर बोटाला लागलेलं पाणी तिनं चाटून बघितलं. म्हणाली, "अळणी हाय वो बाई." तिथली नर्स खुर्चीवर बसून पोट धरून हसली.

पाटोदा ते बीड रोजची एसटी. तिला बसता येत नव्हतं, म्हणून ती दांडा धरून उभी. शेजारी रिकामी सीट आन् बाई उभी, हे बघून कंडक्टरला वाटायचं भांडण झालंय. मला म्हणायचा, "काय बे म्हाताऱ्या, बायकोला बसू दे की!" गावात वेगळीच आवई उठली. डोक्याला वायरी लावतात म्हणजे वाण्याची बायको येडी झाली. ओट्यासमोरून जाताना लोक हळू चालायला लागले. तिला हे कळलं, तर ती एका शेजारणीला म्हणाली, "येडीच झाले. आता कुणाला काय बी बोलले तरी माफ हाय. ये, बस."

पेटीसोबत बाईंनी सगळ्यांनाच आणखी सांगितलं होतं. आडवं पडून राहायचं नाही. रोज चालायचं, रोज थोडं वाढवायचं. भिंतीशी उभं राहून वाकायचं. दुखलं तरी घाबरायचं नाही, दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. आमच्या हिनं ते असं धरलं की जणू डोक्यातली बोंब बंद झाली, आता फक्त कंबरेला समजावायचं राहिलं. सकाळी शेताच्या रस्त्यानं चालायला निघायची आन् तोंडानं सवतीशी भांडण. "ओरड, लई ओरड. तुझं ऐकणाऱ्याला बाईंनी झोपवलंय." समोरून येणारे शेळ्यावाले बाजूला होऊन वाट द्यायचे.

खुर्चीत पेटी लावून बसायचं, तेही आधी तिला जमत नव्हतं. अर्धवट टेकून राहायची. हळूहळू पाठ खुर्चीला लागली. मी कोपऱ्यातून बघायचो आन् काही बोलायचो नाही. नजर लागते.

एक दिवस परतीच्या एसटीत ती दांडा सोडून माझ्याकडं आली आन् म्हणाली, "सरका."

मी खिडकीकडं सरकलो. ती बसली. पाटोदा येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता समोर बघत होतो. कंडक्टर तिकीट द्यायला आला, तर बघतच राहिला. म्हणाला, "मिटलं का भांडण?"

"मिटलं," ती म्हणाली. "सवतीला बीडला सोडून आले."

पेटीचे दिवस संपले, तरी तिचं चालणं आन् वाकणं चालूच राहिलं. पुढं एका बाजाराच्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली. डोईला पदर, कपाळ भरलेलं. लिंबाखाली पाकीटवाला माळा लावून बसला होता. बाजार कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. भाजीवाल्यांनी तागड्या खाली ठेवल्या. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघून, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बसाया येतं का पर काकू?"

"तू सरक तर. मंग बघ."

तो सरकला. खरं सांगायचं तर आनंदानं सरकला, माळा काढता काढता हसत होता. तिनं धडपा अंथरला, एक हात लिंबाच्या खोडाला लावला आन् खाली बसली. मांडी घातली. पदर सारखा केला. पाठ अशी सरळ की ओळंबा लावावा. पलीकडची भाजीवाली ओरडली, "काकू बसल्या गं!" आन् त्या दिवशी येसराला रांग लागली. पुणं राहिलं पुण्यात.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. प्रयोग संपला होता. बाईंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "काकू, आज सांगायचं ठरलं होतं. तुमची पेटी बंदवाली होती. करंट नव्हता."

माझं डोकं फिरलं. "म्हंजे रोज एसटीनं येऊन आमी नुसतं मीठपाणी लावून घेतलं? फसवलं की वो बाई!"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला आधीच सांगितलं होतं, काका." ते खरं होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, करंटवाले खूप जास्त बरे होतील. तसं काही दिसलं नाही. दोन्हीकडचे थोडे थोडे बरे झाले. पण काकू, तुम्ही बऱ्या झालात ते खोटं नाही हं. ते खरंच झालंय."

 मला वाटलं, आता हिची कंबर परत धरते की काय. मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळीच हलली. डोळ्यांतून पाणी काढून म्हणाली, "म्हंजे करंट माझाच व्हता!"

बाईही हसल्या. त्यांचे डोळे भरले होते. हिनं त्यांच्या पाठीवर थाप मारली, "उदास कावून होता? तुमची पेटी न्हाई चालली तर न्हाई चालली. मला बस म्हणणारं पहिलं माणूस तुमी. त्याच्या आधी जो तो पडून ऱ्हा म्हणत व्हता." आन् पिशवीतून येसराची पुडी काढून टेबलावर ठेवली.

ही गोष्ट दुसऱ्या कुणी लपवली असती. तिनं सगळ्या बाजाराला सांगितली. गिऱ्हाईक बसलं की सुरू. "पेटी बंद व्हती बरं का! बंद! मीच चालू व्हते." पाकीटवाल्याला तर इतक्यांदा सांगितली की तोच पुढं पुढं लोकांना सांगायचा, जणू स्वतःच बीडला गेलता.

सवत कायमची गेली नव्हती. पावसाळी हवेत यायची, पाहुण्यासारखी. ही म्हणायची, "आलीस? ऱ्हा चार दिस, मंग सरक." आन् ती जायची. अशी लई वर्षं गेली. ती बसून कुटायची, बसून विकायची, सकाळी मांडी घालून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची. तेव्हा तिच्याकडं बघितलं की मला वाटायचं, हिला कुणी उठवू नये.

मिरचीचे देठ खुडले त्या रात्रीनंतर पहाटे मी हाक मारली, तर ओ आली नाही. झोपेतच गेली होती. दुखणं नाही, खुपणं नाही.

पोरगा पुण्याहून आला. आमचे स्वामी आले. आंघोळ घातली, भस्म लावलं, कुंकू लावलं, बेल वाहिला. बसवायची वेळ आली, तेव्हा स्वामींनी दोरी मागितली. रीत आहे, मान पडू नये म्हणून भिंतीच्या खुंटीला आवळून बांधतात. मी म्हणालो, "जरा थांबा." पोरानं एका बाजूनं धरलं, मी एका बाजूनं. मांडी घातली. मांडी सहज बसली, रोजच्यासारखी. पाठ भिंतीला लागली. स्वामींनी दोरी सैलच बांधली, म्हणाले, "हिला आवळायची गरज न्हाई." माझा हात तिच्या पाठीमागं होता. मी तो काढला, तरी ती बसलेलीच.

मखर बाजाराच्या रस्त्यानं न्यायला मीच सांगितलं. आडवाटेनं कशाला? पुढचा दांडा पाकीटवाल्यानं घेतला, कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी बाजार नव्हता, तरी पक्की दुकानं होती ती सगळी रस्त्यावर आली. एक भाजीवाली रडता रडता शेजारणीला म्हणाली, "बघ गं, कशी बसलीया!" मला त्या वेळी छाती फुगल्यासारखं झालं. बायको मेल्यावर असं वाटावं का, मला माहीत नाही. वाटलं खरं. ती जिंकली होती आन् सगळं गाव बघत होतं. माती लोटली तीही बसलेल्या बाईवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार होता. आमच्या घरात सुतक धरत नाहीत. मी हातगाडीवर पोती चढवायला लागलो, तर पोरगा म्हणाला, "आण्णा, आज? लोक काय म्हणतील?"

"लोक येसर मागतील," मी म्हणालो.

तो म्हणाला, "आईच्या हातचं शेवटचं हाय. घरात जरा काढून ठेवा."

मी पोतं बांधलं आन् निघालो. लिंबाखाली धडपा अंथरला. लिंबागणेशकडची एक म्हातारी पहिलीच आली, तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं, काल माती दिली. ती तिथंच धुळीत बसली. मग तिनं चिमूटभर येसर तळहातावर घेतलं, वास घेतला.

"तिनंच कुटलेलं का?"

"तिनंच."

"मंग किलोभर द्या."

मी मोजलं. मग बाया येत गेल्या. कुणी भाव विचारला नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत तळ लागला. मी पोतं उलटं करून झाडलं, खाली पडलेलं हातानं गोळा केलं आन् तेही शेवटच्या बाईच्या पिशवीत घातलं. घरी चिमूटभरही नेलं नाही. तिनं ते बाजारासाठी कुटलं होतं.